झोपेत दिलेला होकार

दि. ३ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पाकीट बघून दचकू नकोस, आम्ही दोघी सुखरूप आहोत. तुला फोन लावून लावून बोट दुखायला लागलं. एकतर तो बंद असतो, नाहीतर तू नंतर करतो म्हणतोस आणि तुझं ते नंतर काही उगवत नाही. म्हणून शेवटी पोस्टाची पायरी चढले. ग्रंथालयात दिवसभर पुस्तकं हाताळणाऱ्या बाईला एक पत्र लिहिणं जड जाऊ नये, पण सवय मोडली आहे. अक्षर बघ कसं कोंबडीने पाय उमटवल्यासारखं आलंय.

तर बातमी अशी, की माझ्या बदलीचा हुकूम हातात पडला. नव्या शाखेची प्रमुख म्हणून जायचं आहे, दोन वर्षांसाठी. किती वर्षं या खुर्चीकडे डोळे लावून बसले होते ते तुला माहीत आहे. राहायची जागा मात्र तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. आईचे गुडघे पहिल्याच जिन्यावर संप करतील. तू त्या दिवशी फोनवर हो म्हणाला नसतास, तर मी त्या कागदावर सही केली नसती. आठवडाभर मी शब्द जुळवत बसले होते, की तुला कसं विचारावं, तुझी दोन खोल्यांची जागा, तुझ्या त्या वेळीअवेळीच्या पाळ्या. आणि तू किती चटकन म्हणालास, की आण तिला, त्यात विचारायचं काय, आम्ही वाटच बघतोय. मला माझीच लाज वाटली. मग मी आईच्या हातात फोन दिला आणि चहा ठेवायला गेले.

आईला २२ तारखेच्या बसमध्ये बसवून देते. दुपारी चारला तुमच्याकडे पोचेल, तू स्टँडवर जा. सामान एक बॅग आणि तिचा रेडिओ. रेडिओ पूर्ण आवाजात लागतो, हे तुला सांगायला नको. गिरणीत कापड विणणाऱ्या साच्यांच्या खडखडाटाने तिचे कान नेले आणि बदल्यात तिला आवाज दिला.

सुईबाईंना माझा नमस्कार सांग. तुझ्या बायकोला मी या नावाने हाक मारते म्हणून ती रुसत नाही ना? इतकं सुरेख शिवणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणायचं. माझ्या भाचीचे, खारूचे, गाल ओढ. पत्राचं उत्तर पत्राने दिलंस तरी चालेल, पण दे.

तुझी आठवण काढत असते, तूही काढत जा.
ताई


दि. ९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. एकदा कामावरून आल्यावर, एकदा झोपून उठल्यावर आणि एकदा आंघोळ करून. तिन्ही वेळा त्यात तेच लिहिलेलं होतं, म्हणजे ते खरं असणार.

रागावू नकोस. मला तो फोन आठवत नाही. थोडासा आठवतो असंही नाही. तू म्हणतेस म्हणजे मी हो म्हणालो असणार. पण मी माझ्या डोक्यात सगळीकडे हात घालून बघितला आणि रिकामाच बाहेर आला.

माझं काम तुला कधी नीट सांगितलंच नाही. आमच्या कारखान्यात औषधाच्या काचेच्या बाटल्या होतात. भट्टी कधी विझवता येत नाही, म्हणून माणसंही विझवता येत नाहीत. माझ्यासमोरून पट्टा सरकतो. पट्ट्यामागे पांढरा उजेड असतो. बाटल्या त्या उजेडासमोरून ओळीने जातात आणि ज्या बाटलीत केसाएवढी चीर दिसेल ती मी उचलून बाजूला टाकायची. पूर्वी एक आठवडा सकाळ, एक आठवडा दुपार, एक आठवडा रात्र अशी पाळी असायची आणि अंग ते शिकलं होतं. दोन माणसं सोडून गेल्यापासून सगळं विस्कटलं. आता उद्याची पाळी आज फाटकावरच्या फळ्यावर खडूने लिहितात. कधी सकाळ करून घरी यावं आणि जेवता जेवता निरोप यावा, की रात्री परत या. झोप मिळते ती उसवलेल्या कापडासारखी, तुकड्यातुकड्याने. डोळे मिटले तरी बाटल्या जात राहतात.

बरं, हा होकार काही पहिला नाही. गेल्या महिन्यात घरी आलो तर स्वयंपाकघरात ससा बसलेला. खारूला विचारलं, तर म्हणाली की तूच परवानगी दिलीस. कधी दिली म्हटलं, तर म्हणाली तू झोपला होतास तेव्हा. ती आठ वर्षांची पोर, पण तिला बरोबर माझी किल्ली सापडली आहे. चित्रकलेचा क्लासही तिने असाच सोडला.

आईला आणू नकोस असं मी म्हणत नाही. आण असंही म्हणत नाही. जागेपणी विचारलं असतंस तर मी काय म्हणालो असतो, हे मला खरंच कळत नाही, आणि विचार करायला बसलो की डोळा लागतो.

एक कर. यातलं काही सुईबाईच्या कानावर घालू नकोस. तुझं पत्र तिनेही वाचलं. तिला मी सांगितलंय, की मी पूर्ण विचार करून हो म्हणालो. दुसरं काय सांगणार? ती आधीच माझ्याकडे चीर गेलेल्या बाटलीकडे बघावं तशी बघते.

यापुढे काही विचारायचं असेल तर लिहूनच विचार. फोनवर मी कोण असतो ते माझं मलाच ठाऊक नाही.

आईला नमस्कार. या गोंधळ्यावर माया राहू दे.
तुझा
धाकटा


दि. १० मार्च

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

मी तुम्हाला पत्र लिहिते आहे हे यांना माहीत नाही. तुम्हीही सांगू नका.

आई येणार हे मला तुमच्या पत्रातून कळलं. मी विचारलं तेव्हा हे म्हणाले, की मी सगळ्या बाजूंनी विचार करून हो म्हणालो आहे. मला वाईट वाटलं ते आईंच्या येण्याचं नाही. घरात येणारं माणूस माझ्या हातचं जेवणार, माझ्या शेजारी झोपणार आणि मला एका शब्दाने विचारलं नाही, याचं वाटलं.

तुम्ही आमच्याकडे येऊन गेलात त्याला दोन वर्षं झाली. आता बघाल तर घर ओळखणार नाही. आतली खोली दिवसभर काळोखी असते. खिडक्यांवर रजया टांगल्या आहेत. दारावरची घंटा मी स्वतः स्टुलावर चढून काढली. भांडी फडक्यावर ठेवायची. खारू जिना चढताना बूट हातात घेते. शिवणाचं मशीन स्वयंपाकघरात नेलं आणि त्याच्या पायांखाली जुनी गादी घातली, तरी हे झोपलेले असताना ते चालवण्याची माझी हिंमत होत नाही. हे कामावर जातात तेव्हा माझं शिवण सुरू होतं, मग ती कुठलीही वेळ असो. यांची पाळी बदलली की माझी बदलते, माझी बदलली की गिऱ्हाईकं दारात उभी. आम्ही तिघं या घरात कुजबुजत जगतो. इथे आईंचा रेडिओ कुठे ठेवू, ते तुम्हीच सांगा.

आणि खरं सांगू का, मला भीती वाटते. परवा हे खालच्या मजल्यावरच्या दाराला आमची किल्ली लावत उभे होते. आतल्या बाई घाबरून ओरडल्या. चहाचा कप दिला तर तो खिडकीपाशी नेऊन उजेडात धरतात, फिरवून बघतात, मग पितात. एकदा चांगला कप बाजूला ठेवून दिला. त्यात काही नव्हतं, मी तीनदा बघितलं. कारखान्यातून सुटल्यावरही हे दोन-दोन तास उशिरा येतात. विचारलं तर कामात होतो म्हणतात. कामाचा वास अंगाला असतो, पण उत्तर देताना यांची नजर भलतीकडेच असते.

आईंना थोडे महिने पुढे ढकलता येईल का? मला वाईट सून समजू नका. वेळ वाईट आहे, एवढंच.

आपली माया आहे तशीच राहावी, हे मागणं.
आपली
सुईबाई (तुम्हीच ठेवलेलं नाव आहे, आता मला तेच आवडायला लागलंय)


दि. १५ मार्च

चि. सौ. सुईबाईस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. आणखीही एक मिळालं, पण त्याबद्दल मी बोलायचं नाही असं ठरलं आहे. कोणी कोणापासून काय लपवलंय हे लक्षात ठेवायला मला आता ग्रंथालयातलं एखादं रिकामं कपाटच लागेल. तुला वाईट सून वगैरे मी समजत नाही. तुझ्या जागी मी असते तर घंटेबरोबर दारही काढून टाकलं असतं.

काल मी ठरवलं, की बदली नाकारायची. सही मागे घेता येते, महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. हे आईला सांगितलं. म्हणजे ओरडून सांगितलं, त्यामुळे शेजाऱ्यांनाही आता सगळं माहीत आहे. समोरच्या काकू येऊन माझं सांत्वनही करून गेल्या.

पण आई ऐकायला तयार नाही, दोन्ही अर्थांनी. ती म्हणाली, तू तुझ्या नोकरीचं तुला हवं ते कर, मी त्याच्याकडे जाणारच, माझं काम आहे. काय काम, विचारलं, तर म्हणाली ते त्याचं आणि माझं. तिने स्वतः एक पत्र लिहिलं आणि ते कारखान्याच्या पत्त्यावर पाठवलं. मला चिकटवायलाही दिलं नाही. मी तिची मुलगी, रोज तिचे गुडघे चोळते, पण आत्ता तिच्या मनात काय आहे याचा मला काही केल्या पत्ता लागत नाही.

तेव्हा ती २२ ला निघते आहे. आठ दिवस सांभाळ. रेडिओचं मी तिला बजावलं आहे. तिने मान हलवली, पण ती न ऐकताही मान हलवते.

तुझ्या पत्राने मला झोप लागली नाही. आता तुमच्या घरातला हा रोग इकडेही पसरला म्हणायचा. खारूला पापा.

तुझीच,
वन्सं


दि. १५ मार्च

चि. धाकट्यास,
आईचे आशीर्वाद.

ताईने सांगितलं, तुला तो फोन आठवत नाही. म्हणून हे लिहिते.

ताई चहा करायला गेली तेव्हा फोन माझ्या कानाला होता. तुझा आवाज मला भिंतीपलीकडून यावा तसा येत होता. शब्द एकही समजला नाही. मी नुसतं हं हं करत राहिले. ताईला हाक मारावी असं वाटलं, पण मारली नाही. तू बोलायचास, थांबायचास, परत बोलायचास. माझ्या चहावर साय धरली इतका वेळ तू बोललास. तुझे वडील गेल्यापासून तू माझ्याशी एवढं बोलला नव्हतास. येतोस, पाया पडतोस, बरी आहेस ना विचारतोस आणि ताईशी गप्पा मारतोस. मला ओरडून सांगायचा कंटाळा येतो तुम्हाला, मला कळतं.

शेवटी तू हसलास की रडलास ते मला ओळखता आलं नाही. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. मुलगा एवढं बोलला आणि मी नुसती हं हं केलं.

तेव्हा मी तुझ्याकडे राहायला येत नाही, विचारायला येते आहे. तुला आठवत नसेल तर समोर बसून आठवू. राहायचं का ते मग बघू.

पोटभर जेवत जा.
आई


दि. २४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आई पोचली. कशी पोचली ते दुसऱ्या कोणाकडून तुझ्या कानावर जायच्या आत मीच सांगतो.

२२ तारखेला माझी सकाळची पाळी होती. सुटलो तो थेट कारखान्यासमोरून रोजचीच शहरबस पकडली. ती स्टँडवरून पुढे डेपोपर्यंत जाते. तासभर आधी निघालो होतो, अंगात धुतलेला शर्ट होता, खिडकीची जागा मिळाली. स्टँडच्या पुलापर्यंतचं सगळं मला स्वच्छ आठवतं. पुढचं आईने आणि कंडक्टरने सांगितलेलं आहे.

मी झोपलो. बस स्टँडवर थांबली, सुटली, डेपोला गेली, परत आली, असं बराच वेळ चाललं. तोवर आईची गाडी आली. ती उतरून बाकावर बसली आणि समोरून मी गेलो, काचेला डोकं टेकलेला, तोंड उघडं. तिने हाक मारली. तिची हाक तुला माहीत आहे. हमाल थांबले, तिकीट खिडकीतला माणूस बाहेर आला, एका बाईचं मूल जागं होऊन रडायला लागलं. मी जागा झालो नाही. बस निघून गेली.

आईने कोणाला काही विचारलं नाही. गेलेली बस परत येणार, एवढा हिशेब करून ती बॅग आणि रेडिओ घेऊन रस्त्यापलीकडच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली. बस आली तशी चढली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. कंडक्टर मला हलवायला लागला, तेव्हा तिने त्याचा हात धरला. तो म्हणाला, की आजी, हे रोजचेच आहेत, रोज असेच डेपोला जाऊन परत येतात, आम्ही यांना आता उठवायचं सोडून दिलं. ताई, माझे दोन तास रोज कुठे जातात ते मला असं कळलं. मी घरी कामात होतो म्हणून सांगायचो. ती थाप होती असंही नाही, मला वाटायचं की असेन कामात.

आई मला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत राहिली. जाग आली तेव्हा आधी तिच्या शालीचा वास आला. मला वाटलं मी लहान आहे आणि ती मला गिरणीच्या पाळणाघरात सोडायला निघाली आहे. इतकं बरं वाटलं, की डोळे उघडावेसे वाटेनात. मग वाटलं शाळेला उशीर झाला. मग हात बघितले, ते माझे, केसाळ. कुठल्या बसमध्ये आहे, ही कुठून आली, आज कुठला वार, काही सुचेना.

आईने एकच विचारलं, की फोनवर काय सांगत होतास. मी हळू म्हणालो, आठवत नाही. तिला ऐकू गेलं नाही. परत म्हणालो. तिने कानामागे हात धरला. बस गच्च भरलेली. आणि मग काय झालं कोण जाणे, मी ओरडूनच बोलायला लागलो. म्हटलं, आई, मला भीती वाटते. पट्ट्यासमोर माझे डोळे उघडे असतात पण मी बघत नसतो. चीर गेलेली बाटली माझ्या हातून पुढे गेली असेल, एक गेली असेल नाहीतर शंभर, मला माहीत नाही. ती कोणाच्या तरी औषधाची आहे. म्हटलं, मला झोप लागत नाही. त्यावर मागे कोणीतरी फिसकन हसलं. आईने मान वळवून कोण हसलं ते विचारलं. कोणीच कबूल झालं नाही.

मग ती म्हणाली, हेच बोलला होतास का फोनवर. मी म्हटलं, खरंच माहीत नाही. ती म्हणाली, असू दे, हे तरी ऐकलं.

घरी आलो तर सुईबाई जिन्यात बसून रडत होती. ती स्टँडवर जाऊन आली होती आणि तिथे तिला ना आई सापडली ना मी. तिला मी सगळं सांगितलं, फोनचंसुद्धा. ती म्हणाली, मला पहिल्यापासून संशय होता. त्या दिवशी न्हाणीघरातून तिने माझं बोलणं ऐकलं होतं. मी फोनवर आण आण, टाकी भरली आहे, असं काहीतरी म्हणत होतो. जागा माणूस असं बोलत नाही. मग इतके दिवस गप्प का राहिलीस विचारलं, तर म्हणाली, तुम्ही कधी खरं बोलताय ते बघत होते.

उद्या फोरमनला भेटणार आहे. काय बोलायचं ते ठरलेलं नाही.

आईचा नमस्कार नाही, आशीर्वाद. माझा नमस्कार. ओढ आहे ती कमी होऊ देऊ नकोस.
तुझा
धाकटा


दि. २८ मार्च

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी यांच्यासमोर बसून लिहिते आहे, तेव्हा मोकळेपणाने लिहिते.

हे फोरमनकडे गेले आणि बसमध्ये बोलले तेच बोलले. आवाज जरा कमी असेल, एवढंच. फोरमनने यांना पट्ट्यावरून काढून पॅकिंगला टाकलं. आता खोकी बांधायची, सकाळ आणि दुपार एवढ्याच पाळ्या, सध्या तरी रात्र नाही. पुढे काय ते तो सांगत नाही. यांच्या पाळ्यांतल्या बाटल्या परत तपासायला काढल्या, असं हे म्हणतात. त्यात काय निघालं ते यांना कोणी सांगितलं नाही. हे सुटल्यासारखे दिसतात आणि खालच्या पायरीवर उतरवल्यासारखेही. खोकी बांधणारा माणूस झालो, असं काल दोनदा म्हणाले.

आता आईंचं. पहिल्या दिवशी रेडिओ लागला तेव्हा माझी पाचावर धारण बसली. हे आत नुकतेच आडवे झाले होते. मी धावत जाऊन बघितलं तर घोरत होते. आई म्हणाल्या, गिरणीच्या चाळीत भिंतीपलीकडे साचे चालायचे आणि हा इकडे ढाराढूर झोपायचा, गिरणीला सुट्टी असली की मात्र रडून घर डोक्यावर घ्यायचा. खरं खोटं देव जाणे. कारण गुरुवारी रेडिओ चालू असूनही हे दिवसभर टक्क जागे होते आणि माझ्या मशीनला तेल घालत बसले.

आईंना पुढे ढकला म्हणून मीच तुम्हाला लिहिलं होतं. तेच हात आता लिहितात, की तुम्ही सही मागे घेऊ नका. तुमच्या नव्या खुर्चीवर जाऊन बसा. आईंना इथे राहू दे. मी थोर मनाची आहे म्हणून म्हणत नाही, यात माझाच स्वार्थ आहे. आईंशी कुजबुजता येत नाही. मीठ कुठे आहे हे सांगायलासुद्धा आवाज लावावा लागतो. दुसऱ्याच दिवशी आमचं सशावरून भांडण झालं, त्यांचं म्हणणं की त्याला गच्चीत ठेवा, माझं म्हणणं की नको. सगळ्या इमारतीने ऐकलं. आणि मला इतकं हलकं वाटलं, की काय सांगू. वर्षभर मी माझ्या घरात माझाच आवाज ऐकला नव्हता. खारू जिन्यावरून बुटांसकट धावत येते. मशीन परत खिडकीपाशी आणलं.

एक रजई मात्र खिडकीवर ठेवली आहे. सगळ्या एकदम काढायला मन धजलं नाही.

आमच्यावरचा जीव पातळ होऊ देऊ नका.
आपली
सुईबाई


दि. ६ मे

चि. धाकट्यास आणि सौ. सुईबाईस,
अनेक आशीर्वाद.

येऊन महिना होत आला. खुर्ची मिळाली, तिचा एक पाय डुगडुगतो. पुस्तकं अजून खोक्यांत आहेत. ती उघडताना मला धाकट्याची आठवण येते, कोणीतरी कुठेतरी उभं राहून ती बांधली असतील.

इथे फार शांत आहे. तिसऱ्या मजल्यावर कोणाचाच आवाज पोचत नाही. माझी वेळ ठरलेली, पाळ्या नाहीत, कोणी मध्येच बोलावत नाही, आणि तरी मी पहाटेपर्यंत डोळे उघडे ठेवून पडलेली असते. नळ टपकतो का ते ऐकते. टपकत नाही. ज्या रेडिओला मी वर्षानुवर्षं नावं ठेवली त्याच्यासाठी मी जागी आहे, असं मला म्हणवत नाही, पण दुसरं कारणही सापडत नाही.

आई तुमच्याकडे सुखात आहे हे वाचून मला आनंद झाला की हेवा वाटला, ते अजून ठरवता आलेलं नाही. दोन्ही झालं असेल. तिला एकदा विचारा, तिच्या मनात काय आहे, कुठवर राहणार. मी विचारलं तर ती मान हलवेल.

मला धरून असा.
ताई


दि. २० मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आईला विचारलं. ती म्हणाली, कुठवर म्हणजे काय, मी आत्ता इथे आहे ना. यापलीकडे काही नाही. तेव्हा ती राहते आहे की थांबली आहे, हे आम्हालाही ठाऊक नाही. सुईबाईने तिच्यासाठी दोन नवे झगे शिवायला घेतले आहेत, त्यावरून काय ते समज. तुझ्या झोपेचं मात्र मनावर घे. मला उपाय विचारला नाहीस हे बरं केलंस, माझ्याकडे तो नाही.

मी बरा आहे म्हणावं तर तसाही नाही. आठवड्यातले दोन-तीन दिवस चांगली झोप लागते, बाकीचे दिवस जुन्या सवयीने अंग दर तासाला दचकतं. पॅकिंगमधला एक जण आजारी पडला तर मला परत रात्रीला बोलावतील, असं फोरमन परवा बोलला. मी त्याला नाही म्हणालो. जागेपणी, त्याच्या तोंडावर. ते तो लक्षात ठेवील की विसरेल ते बघायचं.

काल सुट्टी होती. जेवून आडवा झालो आणि किती झोपलो ते कळलंच नाही. उठलो तर घर रिकामं. हाका मारल्या, कोणी नाही. खिडकीत उजेड होता, पण तो कसला ते ओळखता येईना. राखाडी, जेमतेम, रस्त्यावर माणूस नाही. सकाळ असेल तर मला पाळीला जायचं होतं आणि उशीर झाला होता. संध्याकाळ असेल तर सगळी गेली कुठे? एक पाय पँटमध्ये घातला आणि तसाच गच्चीत गेलो. तिथे आई खुर्चीवर बसली होती, एकटी, रेडिओ न लावता. (सुईबाई खारूला घेऊन बाजारात गेली होती, ते मागाहून कळलं.) मी तिला विचारलं, की सकाळ आहे का संध्याकाळ. तिला ऐकू गेलं नाही. मी ओरडून विचारलं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, तुला कुठे जायचंय आता, बस.

मी पँट नीट चढवली आणि तिच्या पायापाशी बसलो. सकाळ की संध्याकाळ ते मी तिला परत विचारलं नाही. किती वेळ गेला सांगता येणार नाही, पण ताई, त्या सगळ्या वेळात मी एकदाही पुढच्या पाळीचा विचार केला नाही. मग समोरच्या इमारतीत एका घरात दिवा लागला. थोड्या वेळाने त्याच्या खालच्या घरात लागला, मग कडेच्या दोन घरांत. आईने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मला कळलं, की संध्याकाळ आहे, आणि अजून सगळी रात्र झोपायला शिल्लक आहे.

आईचे आशीर्वाद, सुईबाईचा नमस्कार, खारूचा पापा. आमची आठवण उशाशी ठेवून निजत जा.

तुझा
धाकटा